खांद्यावरची सायकल

2024 च्या श्रावणात, वयाच्या 45 व्या वर्षी, मी चिखलातल्या सायकल शर्यतीत उतरलो. दुसऱ्या दिवशी लंगडत कचेरीत गेलो तेव्हा आमच्या हेडक्लार्कसाहेबांनी विचारले, "मोर्चात लाठी बसली काय?" मी खरे ते सांगितले आणि टेबलाटेबलावर हशा पिकला. सामाजिक काम करणाऱ्या माणसाने निवेदने द्यावीत, रक्तदान शिबिरे घ्यावीत, मुलांना वह्या वाटाव्यात. सायकल घेऊन राड्यात लोळावे हे कुणाला पटत नव्हते. म्हणून घडले ते सगळे इथे सांगून टाकतो. त्यात एक जुनी गोष्टही आहे. ती मी 26 वर्षे कुणाजवळ बोललो नव्हतो.

आमचे गाव करवीर तालुक्यात, कोल्हापूरपासून सात किलोमीटरवर. वस्ती गावाबाहेर आणि वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत पाऊण किलोमीटर पाणंद. दोन्ही बाजूंना ऊस, मधे काळी माती. उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात गुडघाभर राडा. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डर होते. सकाळी सातची पाळी असली की साडेपाचला घर सोडायचे. त्यांची काळी अॅटलस सायकल होती. मागे कॅरिअर, पुढच्या चाकाला डायनामो, चेनला पत्र्याचे कव्हर. वजन वीस किलोच्या आसपास.

जून ते सप्टेंबर ही सायकल पाणंदीत चालतच नसे. काळी माती टायरला धरते, मडगार्डमध्ये गच्च भरते आणि चार वेढ्यांत चाक जाम होते. ढकलावी म्हटले तरी ढकलत नाही. म्हणून आबा पायजमा गुडघ्यावर दुमडत, चपला आणि जेवणाचा डबा हँडलला अडकवत आणि सायकल उचलून खांद्यावर घेत. डांबरी रस्ता लागला की बाभळीच्या काडीने रिममधली माती काढत, रस्त्याकडेच्या डबक्यात पाय धूत, चपला घालत आणि टांग मारून निघत. संध्याकाळी हेच सगळे उलट्या क्रमाने. लहानपणी मला वाटायचे, सगळ्यांचेच वडील पावसाळ्यात सायकल खांद्यावर घेऊन कामाला जातात.

(आमची पाणंद आता काँक्रीटची झाली आहे. त्यासाठी दिलेल्या निवेदनांच्या 11 प्रती माझ्या फायलीत आहेत. पण तो विषय वेगळा.)

आता 1998 सालची गोष्ट. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या भागात जत्रेला कुस्त्या, बैलगाडी शर्यती आणि सायकल शर्यती ठेवण्याची जुनी चाल आहे. गिअरच्या सायकलींचा गट वेगळा, साध्या सायकलींचा वेगळा. शेजारच्या गावच्या जत्रेत साध्या सायकलींची शर्यत होती. पहिले बक्षीस 501 रुपये. आमच्या घरात जत्रेला जायचे नाही असा दंडक होता आणि तो आबांनी स्वतः आयुष्यभर पाळला होता. मी मनाची समजूत घातली, शर्यत काही देवाची नाही, सायकलींची आहे. आबांच्या सुट्टीच्या दिवशी, "कॉलेजात काम आहे" म्हणून सायकल काढली आणि वीस रुपये प्रवेश फी भरून उभा राहिलो.

शर्यत माळावरून होती. पहिल्या दोन मैलांत मी चौथा की पाचवा होतो. उतरणीला एका ताली जवळ पुढचा पोरगा आडवा झाला, मी त्याला चुकवायला गेलो आणि पुढचे चाक दगडी बांधावर आदळले. मला फारसे लागले नाही. सायकलचा चिमटा मात्र मागे वाकला, इतका की चाक दांड्याला टेकत होते. सायकल खांद्यावर घेऊनच घरी आलो. "कॉलेजवरून येताना खड्ड्यात गेलो," असे सांगितले.

आबांनी चिमट्यावरून हात फिरवला. काही बोलले नाहीत. नवा चिमटा दीडशे रुपयांना होता आणि पगार दहा तारखेला. तोपर्यंतचे नऊ दिवस आबा चालत कामाला गेले. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर, त्यात मधले आठ तास भट्टीजवळ. साडेपाचऐवजी साडेचारला उठून निघायचे. दार उघडल्याचा आवाज आला की मी पांघरुणात जागा असायचो. उठून खरे सांगावे असे नऊही दिवस वाटले. नाही सांगितले. त्यानंतर मी कुठल्याही शर्यतीच्या वाटेला गेलो नाही.

माझी मुलगी अकरावीला आहे. तिला सायकलचे वेड. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या पूजा दानोळे हिने 2020 साली गुवाहाटीच्या खेलो इंडिया स्पर्धेत सायकलिंगची सुवर्णपदके मिळवली. तेव्हापासून हिने तिचा फोटो अभ्यासाच्या टेबलावर चिकटवला आहे. गिअरची नवी सायकल आमच्या आवाक्यात नव्हती. सोसायटीच्या कर्जाचे हप्ते चालू होते. कचेरीतल्या एका मित्राच्या मुलाची जुनी सायकल साडेसहा हजाराला घेतली, मिस्त्रीकडून रिमचा आऊट काढून घेतला आणि तिचे काम भागले.

एका रात्री तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. "पप्पा, हे बघा, आजोबा!" बघतो तर बेल्जियममधली शर्यत. थंडी, पाऊस, घोट्याएवढा चिखल आणि शंभरेक मीटरच्या चढावर रांगेने धावणारी माणसे. प्रत्येकाच्या खांद्यावर सायकल. या खेळाला सायक्लोक्रॉस म्हणतात. आबा शेजारीच होते. त्यांनी चष्मा लावून पाहिले आणि विचारले, "ह्यांची पाळी कितीची हाय?"

मग मी त्या खेळाची माहिती काढत गेलो. क्लार्कच्या सवयीने वहीत टिपणेही केली. हा खेळ फ्रान्समधला. 1902 साली तिथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. हिवाळ्यात शेतातून, रानातून, चिखलातून सायकल न्यायची. अडीच ते साडेतीन किलोमीटरची एक फेरी असते आणि अशा फेऱ्या सुमारे तासभर मारायच्या. वाटेत मुद्दाम 40 सेंटिमीटर उंचीच्या फळ्या आडव्या लावतात. पायऱ्या असतात, वाळू असते. बसून जाता येत नसेल तिथे उतरायचे, सायकल उचलायची आणि पळायचे. उतरण्यात कमीपणा नाही. उलट जो वेळेवर उतरतो आणि झटकन पुन्हा बसतो तो पुढे जातो. टायर 33 मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. आबांच्या अॅटलसचा टायर 40 चा, म्हणजे आमची सायकल तिथे पहिल्याच तपासणीत बाद! चिखलाने सायकल जड झाली की ठरलेल्या जागी मदतनीस दुसरी स्वच्छ सायकल घेऊन उभा असतो. पहिली पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन पुढच्या फेरीला तयार ठेवतो. हे वाचून मला बाभळीची काडी आठवली.

या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1950 पासून होते. बेल्जियमच्या एरिक डी व्लामिंक यांनी ती सात वेळा जिंकली. नेदरलँड्सच्या मॅथ्यू व्हान डर पूल यांनी 2025 मध्ये त्यांची बरोबरी केली. पण माझ्या मुलीने वहीतल्या दुसऱ्याच ओळीवर बोट ठेवले. बायकांची जागतिक स्पर्धा सुरू झाली 2000 साली. "पन्नास वर्षं काय करत होते हो?" तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही.

आणि अशातच पलीकडच्या गावच्या तरुण मंडळाने चिखलातली सायकल शर्यत जाहीर केली. आमच्याकडे पावसाळ्यात बैलांच्या चिखलातल्या शर्यती होतातच. तशीच ही, फक्त बैलाऐवजी सायकल. पाणंदीतून निघून ओढा ओलांडायचा, पलीकडचा बांध चढायचा, माळावरून वळसा घालून परत. अशा पाच फेऱ्या. फी शंभर रुपये.

मुलीचे नाव द्यायला गेलो तर मंडळाची पोरे एकमेकांकडे बघू लागली. मुलींचा गट ठेवलेला नव्हता. पोरे वाईट नव्हती, त्यांच्या ते डोक्यातच आले नव्हते. एक जण म्हणाला, "काका, पोरीला लागलं तर जबाबदारी कुणाची?"

मी माझे नेहमीचे भाषण काढणार इतक्यात मुलगीच म्हणाली, "मुलग्यांना लागलं तर कुणाची असती?"

त्याने मुकाट्याने नाव लिहून घेतले. मग माझ्याकडे बघून हसत म्हणाला, "काका, तुमचंबी लिवू का?" चारचौघांसमोर नाही म्हणता येईना. शंभराची आणखी एक नोट गेली.

या वेळी मात्र मी आबांना विचारले, "आबा, शर्यतीला तुमची सायकल नेऊ?"

"न्हे की," ते म्हणाले. आणि स्वतःच पाना घेऊन बसले. दोन्ही मडगार्ड काढले, चेनकव्हर काढले, कॅरिअर काढले. "चाकाला माती धराय जागा ठिवायची न्हाई," म्हणाले. टायरमधली हवाही त्यांनी थोडी कमी केली. सायक्लोक्रॉसवाले हेच करतात हे मी नुकतेच वहीत टिपले होते.

ही अॅटलस कंपनी सोनिपतची, 1951 सालची. दिल्लीजवळच्या साहिबाबादचा तिचा कारखाना 2020 मध्ये बंद पडला, तोही 3 जूनला, जागतिक सायकल दिनीच! आबांची सायकल मात्र चालू आहे.

शर्यतीच्या दिवशी सकाळपासून पावसाची झड होती. चाळीसभर पोरे उभी होती. त्यांत मुलगी एकच आणि चाळिशी ओलांडलेला मीही एकटाच. शिट्टी झाली आणि पहिल्या पन्नास पावलांतच पाणंदीत दहा-बारा जण एकमेकांवर पडले. चिखल डोळ्यांत, तोंडात, कानात. मी जोर लावून पायडल मारत होतो आणि चाक जागेवरच फिरत होते. सायकलवरून उतरायला मन तयार होत नव्हते. बघणारे काय म्हणतील? अशा हट्टात तीनदा आडवा झालो. दुसऱ्या फेरीत ओढ्यातून वर आलो तेव्हा छाती भात्यासारखी चालत होती. आता पुरे, असे ठरवून बाजूला होणार, तेवढ्यात बांधावरून आवाज आला.

"उतर की लेका! राड्यात पायडल मारत्यात व्हय?"

आबा. वय 76. डोक्यावर इरलं घेतल्यासारखे खताचे पोते, हातात काठी. ते येणार हे मला कुणी सांगितले नव्हते.

"खांद्यावर घे! दांडी मानंजवळ आण. हँडल हातानं धर, न्हाईतर गुडघ्यावर आपटंल. कडंकडंनं चल, मधी घसरतंय!"

मी उतरलो. सायकल खांद्यावर घेतली, दांडी मानेजवळ आणली, एका हाताने हँडल धरले आणि उसाच्या कडेकडेने, जिथे गवत आहे तिथून, पळू लागलो. गवतावर पाय घसरत नव्हता. माझ्यापुढे दोन पोरे चिखलात सायकल ढकलत होती, त्यांना मी मागे टाकले. त्यांच्या नव्या सायकली, त्यांचे गिअर चिखलाने भरले होते. वीस किलोचे ओझे खांद्यात रुतत होते. दांडीचा वळ पुढे आठ दिवस गेला नाही. चौदा किलोमीटर चालून येणाऱ्या माणसाचे पाय आठवले आणि मी पुढच्या तीन फेऱ्या काढल्या. प्रत्येक फेरीला बांधावरून आबांचे ओरडणे होतेच. शेवटी शेवटी तर त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांनाही सांगायला सुरुवात केली होती.

पहिला आलेला पोरगा माझ्यापुढे एक आख्खी फेरी होता. मुलगी सतरावी आली. शर्यत संपवलेल्यांत मी शेवटून दुसरा. निम्म्याहून जास्त पोरांनी मधेच सोडली होती, एवढे तरी कौतुक मला करू द्या. मंडळाने मुलीला उत्तेजनार्थ म्हणून दोनशे रुपये देऊ केले. तिने घेतले नाहीत. "पुढच्या वर्षी मुलींचा गट ठेवा, त्याच्या बक्षिसात घाला," म्हणाली. पोरांनी हो म्हटले आहे. बघू. आठवण करून द्यायचे काम माझ्याकडे आहे.

आम्ही बांधाखाली बसलो. मुलगी ओढ्यात हातपाय धूत होती. आबांनी माझी, म्हणजे त्यांची, सायकल आडवी केली, बाभळीची एक काडी मोडून घेतली आणि रिममधली माती काढायला लागले. आधी मागचे चाक, मग पुढचे. मी म्हटले, "आबा, राहू द्या, मी काढतो." त्यांनी ऐकले नाही. पुढचे चाक हाताने फिरवून पाहिले, मग चिमट्यावरून वरपासून खालपर्यंत हळूहळू हात फिरवला.

"ह्या टायमाला सरळ हाय," म्हणाले. "त्या जत्रंत कितवा आला हुतास रं तू?"