गोधडी भिंतीवर जाण्याआधी

चि. सोनू,


तुझं पत्र आणि गोधड्यांच्या प्रदर्शनाची यादी पोचली. निवड छान झालीय. इरकली लुगड्यांचे काठ उभे लावलेली ती करडी गोधडी तर कुणाही जाणत्या माणसाला पाच मिनिटं जागेवर उभं करील. पण यादीचा शेवटचा रकाना खटकला. ओळीनं सगळ्यांपुढे एकच : ‘कर्ती – अज्ञात’. अगं, यातल्या कितीतरी गोधड्या तू त्या त्या घरी ओसरीवर बसून, गाठोडी सोडायला लावून आणल्यास. ज्यांच्या हातचा चहा प्यायलीस, त्या अज्ञात कशा?

गोधडी, विणकाम, भरतकाम ही ललितकला आहे की नाही यावर तू चार पानं लिहिलीस. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, तेव्हा हा वाद मला नवा नाही. चित्रकलेला एलिमेंटरी-इंटरमीडिएटच्या परीक्षा होत्या, ग्रेड होत्या, प्रमाणपत्रं होती. शिवणाला नुसता तास, तोही मुलींनाच. पण संग्रहालयांच्या जगात हा वाद पन्नास वर्षांमागेच सुटायला लागला. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमनं जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेले जुने अमेरिकन क्विल्ट, म्हणजे तिकडच्या गोधड्या, पांढऱ्या भिंतींवर, चित्रं लावावीत तसे लावले. लोक बघून थक्क झाले. नंतर पुष्कळ संग्रहालयांनी तोच कित्ता गिरवला.

तिथं एक गोम होती. ते क्विल्ट निवडले होते ते नजरेला अमूर्त चित्रांसारखे दिसतात म्हणून. कुणी शिवले, कशासाठी, याला तिथं फारसं महत्त्व नव्हतं. दोनच वर्षांनी पॅट्रिशिया मेनार्डी या कला-इतिहासकार बाईंनी एका लेखात यावर नेमकं बोट ठेवलं. कितीतरी बायकांनी आपल्या क्विल्टवर नाव आणि साल टाक्यांनी काढून ठेवलं होतं, आणि तरीही जग त्यांना निनावी म्हणत राहिलं. ‘हे तर अगदी आधुनिक चित्रासारखं आहे!’ ही दाद मला म्हणूनच आवडत नाही. गोधडीनं चित्रासारखं दिसण्याची परीक्षा का द्यायची?

हॅरिएट पॉवर्सची गोष्ट तुला ठाऊक असायला हवी. 1837 साली जॉर्जियात गुलामगिरीत जन्मलेली ही बाई. बायबलमधल्या प्रसंगांच्या आकृत्या कापडातून कापून तिनं एक क्विल्ट शिवला होता. 1886 मध्ये तो अथेन्स गावच्या कापूस-मेळ्यात मांडला होता, तिथं जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेच्या नजरेत भरला. (आमच्याच जातकुळीतली!) स्मिथबाईंनी शोध काढून तिला गाठलं आणि क्विल्ट विकत मागितला. पॉवर्सनं साफ नाही म्हटलं. पुढे दिवस ओढगस्तीचे आले, तेव्हा ती स्वतःच बैलगाडीतून त्यांच्या दारी आली. क्विल्ट पिठाच्या स्वच्छ पिशवीत घालून मांडीवर घेतलेला. तिनं दहा डॉलर सांगितले, स्मिथबाईंची ऐपत पाचाची. नवऱ्यानं समजावलं म्हणून तिनं पाचाला दिला. पण देण्याआधी एकेका चौकोनात काय आहे ते सगळं सांगितलं, आणि पुढेही आपला क्विल्ट पाहायला ती परत परत येत राहिली.

पाच डॉलरचा हिशोब मला बोचतो. तरी स्मिथबाईंनी एक गोष्ट अशी केली की त्यांना मी पुष्कळ माफ करीन. पॉवर्सनं सांगितलेला प्रत्येक चौकोनाचा अर्थ त्यांनी लिहून ठेवला. आज तो क्विल्ट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे, तिनं शिवलेला दुसरा बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात, आणि दोन्हीकडे पॉवर्सचं नाव आहे. लिहिता-वाचता येणाऱ्या एका माणसानं वेळेवर वही उघडली, एवढंच घडलं होतं. त्या जागी आता तू आहेस.

दुसरं उदाहरण अलाबामातल्या जीज बेंडचं. नदीनं तीन बाजूंनी वेढलेलं गाव, गुलामांच्या वंशजांची वस्ती. मळ्याच्या मालकाचं पेटवे हे आडनाव अजून निम्म्या गावाला चिकटलेलं. 2002 मध्ये तिथल्या बायकांचे क्विल्ट आधी ह्यूस्टनला आणि मग त्याच व्हिटनीत लागले. या वेळी मात्र प्रत्येकापुढे नाव होतं. त्यामुळे काय फरक पडतो ते बघ. मिझुरी पेटवेचा 1942 चा एक क्विल्ट आहे. विटक्या निळ्या, करड्या, मळकट पांढऱ्या कापडाचे मोठमोठे तुकडे. नाव नसतं तर समीक्षकांनी त्यातल्या रंगछटांच्या संयमावर दोन परिच्छेद लिहिले असते. पण तिची मुलगी आर्लोन्झिया हिनं सांगून ठेवलंय की वडील वारल्यावर आईनं त्यांचे शेतात वापरायचे कपडे उसवले आणि त्यांचीच गोधडी केली, त्यांची आठवण म्हणून अंगावर घ्यायला. रंग विटलेत ते अंगावर झिजून, उन्हात काम करून. हे कळल्यावर चित्र म्हणून तो क्विल्ट काही कमी होत नाही. उलट तो संयम कुठून आला तेही समजतं.

त्याच गावातले कॉर्डुरॉयचे क्विल्ट बघ. 1966 मध्ये, नागरी हक्कांच्या चळवळीच्या धामधुमीत, तिथल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली. 1972 मध्ये सिअर्स कंपनीनं या संस्थेला कॉर्डुरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम दिलं. उरलेल्या चिंध्या बायका घरी नेत. ॲनी मे यंगच्या 1976 च्या क्विल्टमध्ये मधोमध कॉर्डुरॉयच्या भडक पट्ट्या आणि भोवती कामाच्या कपड्यांचं उडालेलं निळं, अशी मांडणी आहे. शाळेत कोणा मुलीनं मला असं रंगकाम दाखवलं असतं, तर मी तिला वर्गात उभं करून शाबासकी दिली असती.

पण तिथंही नुसत्या नावानं भागलं नाही. 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं या क्विल्टांची दहा तिकिटं काढली. त्याआधीच गालिचे, चादरी आणि काय काय वस्तूंवर हीच नक्षी छापून विकली जात होती. 2007 मध्ये ॲनी मे यंगसह तिघी कोर्टात गेल्या : आमच्या कामाचा पैसा आणि हक्क आम्हाला नीट मिळाले नाहीत. पुढल्या वर्षी तडजोड झाली. त्यातून एवढं कळलं, की गोधडी भिंतीवर लागली की तिची पोस्टर होतात, पिशव्या होतात, आणि त्या पैशाची वाट कुणाच्या दारी जाते हे आधीच लिहून ठेवावं लागतं.

आणि नावाची किंमत किती, हे विणकामावरूनही दिसतं. रोझमेरी ट्रोकेल ही जर्मन कलावती 1980 च्या दशकात लोकरीची ‘विणलेली चित्रं’ करू लागली. ती यंत्रावर विणलेली होती. तरी कुणी त्यांना हस्तकलेच्या दालनात धाडलं नाही, कारण खाली चित्रकर्तीचं नाव होतं. आणि इथं माझ्या वहिनीनं थंडीत बसून विणलेल्या स्वेटरला ‘वेळ छान जातो तुमचा’ एवढीच दाद!

आपल्याकडेही कामावर नाव घालणं नवं नाही. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी नावाच्या बाईची एकोणिसाव्या शतकातली कांथा, म्हणजे बंगाली गोधडी, आहे. ती तिनं वडिलांसाठी केली आणि आपलं नाव त्यात सुईनं लिहिलं. तिनं कुणी विचारायची वाट पाहिली नाही.

आता तुझ्या कामाचं. तू परत जा. नाव विचारलंस की पहिल्यांदा लाजतील, मग ‘लिही की अमक्याची आई’ म्हणतील. ऐकू नकोस. उखाण्यात त्यांनी जन्मभर दुसऱ्याचं नाव घेतलंय, आता त्यांचं स्वतःचं घे, माहेरच्या नावासकट. दोघी-तिघींनी बसून धावदोरा घातला असेल तर सगळ्यांची नावं लाव. कोणतं लुगडं कोणाचं, वरचे तुकडे कुठून आले, अस्तराला काय घातलं, टाके कडेनं सुरू करून आत नेले की ओळीनं घातले, हेही लिहून घे. खरोखरच कर्ती कळत नसेल, तर गाव, घर आणि ती कोणी जपली एवढं तरी लिही. सगळीकडे विचारूनही नाव मिळालं नाही, तरच ‘अज्ञात’ हा शब्द लिहायचा.

लावताना खिळे नकोत. मागे वरच्या कडेला कापडाची बाही शिव, त्यातून काठी घाल, म्हणजे वजन सारखं पेलेल. प्रकाश पन्नास लक्सच्या वर नेऊ नकोस. आणि दोन-तीन तरी गोधड्या भिंतीपासून सुट्या, मधोमध टांग, मागची बाजू दिसेल अशा. हात कसा चालला ते पाठीवरच कळतं.

विम्याच्या अर्जात प्रत्येकीची किंमत भरावी लागेल. ती तू ठरवू नकोस, करणारीलाच विचार. फोटो छापायचा असेल तर तिची लेखी परवानगी घे आणि त्याचे किती देणार ते तिथंच सांग. कुणी गोधडी विकत मागितली तर पैसे थेट तिच्या हातात जाऊ देत, आणि तिनं सांगितलेला आकडा कितीही वाटला तरी घासाघीस होऊ देऊ नकोस.

तुझी,
मावशी