जिप्सीचा चातुर्मास

दरवर्षी १५ जूनला उत्तर प्रदेशातल्या दुधवा राष्ट्रीय उद्यानाचे फाटक पर्यटकांसाठी बंद होते आणि उघडते ते थेट नोव्हेंबरात. उघडण्याची ठरलेली तारीख १५ नोव्हेंबर. अलीकडे ती काही दिवस आधी आणली जाते. आषाढी ते कार्तिकी हा हिशेब मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आषाढीला देव शेजेवर जातो त्याच सुमाराला लखीमपूर-खीरीतल्या सफारीच्या जिप्सीही ताडपत्रीखाली जातात.

हिमालयाच्या पायथ्याच्या या तराईत ही रीत जुनीच आहे. दुधव्याहून आग्नेयेला श्रावस्ती लागते. बुद्धाने सर्वांत जास्त वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातले एका जागचे मुक्काम, तिथे काढले, असे परंपरा सांगते. वर्षावासाचा नियम का आला, याची हकिकत विनयपिटकात आहे: भिक्षू भर पावसात हिंडतात, हिरवे गवत तुडवतात, बारीकसारीक जीव चिरडतात, अशी लोकांची तक्रार होती. ती तक्रार अनवाणी पायांबद्दल होती. टनभर वजनाची गाडी त्याच मातीवरून दिवसातून दोनदा गेली तर काय होते, ते तराईत चाक फिरवणाऱ्याने पाहिलेले असते.

प्रस्तुत लेखक मूळचा चंद्रपूरकडचा. ताडोब्याच्या गाड्यांवर हात काळे करून शिकला आणि पोटापाण्यासाठी लखनौला आला. सीतापूर-लखीमपूरमार्गे सव्वादोनशे किलोमीटरवरच्या दुधव्यातल्या जिप्सी पावसाळ्यात त्याच्या गॅरेजला येतात. ताडोब्याचा कोअर भागही १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, पण बफरमधल्या सफारी उघडीप बघून चालू राहतात. तिकडे तीन महिने, इकडे पाच का, असा प्रश्न त्यालाही पडायचा. त्याचे उत्तर जमिनीत आहे. ताडोब्याकडे रस्त्यावर मुरूम पडतो. पाऊस थांबून दोन उन्हे खाल्ली की तो आवळून बसतो. तराईत मुरूम नाही आणि दगडही नाही. हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांनी आणून टाकलेला बारीक गाळ आणि वाळू, आणि थोडे खणले की पाणी. इथल्या खेड्यांतून विटा रचून खडंजा करतात तो याच कारणाने. रस्ता पक्का करायचा तर आधी वीटभट्टी पेटवावी लागते.

नद्याही चारी बाजूंनी. दुधव्याच्या उत्तरेला मोहाना, दक्षिणेला सुहेली, याच व्याघ्र प्रकल्पातल्या किशनपूरकडे शारदा, कतर्नियाघाटात गेरुआ. सुहेलीचे पात्र गाळाने उथळ होत गेले, त्यामुळे पाणी काठ सोडून जंगलात पसरते. २०२४च्या जुलैत शारदेच्या पुराने पलिया आणि भीरा यांच्यामध्ये रेल्वेरुळांखालचा भराव धुऊन नेला आणि रूळ नुसते अधांतरी लोंबत राहिले. रेल्वेच्या भरावाची ही गत, तिथे जंगलातल्या कच्च्या वाटेने काय तग धरावा?

तरी खरे नुकसान नदी करत नाही. नदी गाळ टाकते, निघून जाते, तो गाळ फावड्याने ओढता येतो. चाकाने केलेले नुकसान जास्त चिवट असते. ओल्या गाळात मागचे चाक एकदा जागच्या जागी गरगरले की वितीएवढी चाकोरी पडते. तिच्या दोन्ही कडांना चिखलाचे वरंबे उठतात, त्यामुळे पाणी बाजूच्या चरात उतरायचे ते चाकोरीतच साठते. पाणी मुरते, खालचा थर मऊ होतो, दुसरी गाडी अधिक खोल रुतते. तिसऱ्या गाडीचा ड्रायव्हर शहाणा असतो. तो कडेच्या गवतातून वळसा घालतो. आठवड्याभरात त्या वळशाचीही चाकोरी होते आणि चौथा त्याच्याही बाहेरून जातो. एका गाडीपुरता असलेला रस्ता असा तीन गाड्यांचा होतो आणि मधले गवत गेले ते गेले. दुधव्यातल्या गवताळ पट्ट्यांना तिथले लोक ‘फांटा’ म्हणतात. फांटा म्हणजे बाराशिंग्यांचे घर. १९५८मध्ये इथे पहिले अभयारण्य झाले ते बाराशिंग्यांसाठी. राष्ट्रीय उद्यान झाले १९७७मध्ये आणि व्याघ्र प्रकल्प त्याच्यानंतर दहा वर्षांनी. वाघ बघायला आलेल्या माणसाची गाडी गवतात उतरते, तेव्हा ती बाराशिंग्याच्या ताटात उतरते.

म्हणून या पाच महिन्यांना सुट्टी म्हणणे चूक आहे. रस्त्याच्या देखभालीतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात स्वस्त भाग म्हणजे त्याच्यावरून न जाणे. गस्त अर्थात थांबत नाही. वनरक्षक पायी, हत्तीवरून, गरज पडली तर नावेतून फिरतात. पाऊस ओसरला की खरी कामे निघतात. आडवे पडलेले साल वृक्ष कापून बाजूला करायचे. जिप्सीच्या टपाहून उंच वाढलेले गवत वाटेपुरते छाटायचे. मोऱ्यांतला पालापाचोळा आणि गाळ उपसायचा, कारण तुंबलेली एक मोरी वरचा सगळा भराव घेऊन जाते. मग मधोमध थोडा उंचवटा आणि दोन्हीकडे उतार राहील अशी माती ओढून घ्यायची. घाई करून वाट वरवर सपाट केली की पहिल्याच अवकाळी सरीत तिचा हौद होतो. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत आगीचा हंगाम धरतात, त्याच्याआधी जाळरेषा साफ करायच्या. सफारीच्या पुष्कळशा वाटा स्वतःच जाळरेषेचे काम करतात. वाटेवर गवत माजले तर आग ती वाट सहज ओलांडते.

रस्ता विश्रांती घेतो तेव्हा गाडीचे पोट उघडायचे. जिप्सी भारतात आली १९८५च्या डिसेंबरात, ९७० सीसीचे इंजिन घेऊन. १९९६मध्ये ती तेराशे सीसीची झाली. पुढे-मागे सरळ अखंड अॅक्सल, चारही चाकांना पाट्यांचे सस्पेन्शन, नाजूक असे काही नाही. २०१९च्या सुमारास सामान्य गिऱ्हाइकासाठी तिचे उत्पादन थांबले. तरी जंगलातला तिचा मान उतरलेला नाही. हलकी असल्यामुळे ती मऊ जमिनीत कमी रुतते आणि रुतली तरी चार माणसे तिला ढकलून काढतात. सुटे भाग मात्र आता शोधावे लागतात. लखनौच्या लालबागेत दहा दुकाने फिरल्यावर एखाद्या दुकानात प्रोपेलर शाफ्टचा अस्सल क्रॉस मिळतो.

पावसाळी कामात पहिला नट खोलायचा तो डिफरन्शियलच्या खालचा. हाउसिंगमधून तेल काळे किंवा मधाळ रंगाचे आले तर ठीक. दुधाळ, चहासारखे आले तर आत पाणी गेले आहे. हंगामात कुठल्याशा नाल्यातून गाडी गेलेली असते; तापलेले हाउसिंग गार पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरच्या तोंडातून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढून घेते. त्या पाण्यासकट गाडी पाच महिने उभी राहिली तर नोव्हेंबरात क्राउन-पिनियन रडायला लागतात. पलियाकडचे ड्रायव्हर गाडी टाकायला येतात तेव्हा संवाद साधारण एकाच वळणाचा असतो.

“उस्ताद, चल तो रही है न?”

“चल रही है, इसीलिए खोल रहे हैं.”

यापुढची कामे रोजच्या सरावाची. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि शॅकल यांना ग्रीसगन लावायची ती जुने, वाळू मिसळलेले ग्रीस बाहेर येईपर्यंत. तडा गेलेला पाटा बदलायचा. तो बहुधा मधल्या बोल्टपाशी तुटतो. रेडिएटरच्या जाळीतले गवताचे तुरे काढायचे, नाहीतर जानेवारीतही गाडी तापते. ब्रेकचे ड्रम उतरवून आतली रेती झटकायची. बॅटरीची तार सोडून ठेवायची आणि उंदरांनी वायरिंगला दात लावले आहेत का ते ऑक्टोबरात पाहायचे. सगळ्यात शेवटी ट्रान्सफर केसचा छोटा दांडा. चारही चाकांत गाडी पडते की नाही, हे मोकळ्या मातीत नेऊन बघायचे. कित्येक सफारीच्या गाड्यांत हा दांडा हंगामभर कुणी हलवलेला नसतो आणि ऐन चिखलात तो जाम निघतो.

या दांड्याबद्दल मोठा गैरसमज आहे. फोर बाय फोर म्हणजे रस्ता सोडून कुठेही जाण्याचा परवाना, अशी समजूत लखनौत नव्या थार आणि जिम्नी आल्यापासून वाढलीच आहे. गोमतीच्या काठच्या ओल्या मातीत गाडी नाचवून तिचे व्हिडिओ काढणारी पोरे आता नवलाची राहिलेली नाहीत. जुना ड्रायव्हर हा दांडा उलट्या कामासाठी वापरतो. चिखल दिसला की तो चिखलात शिरण्याआधीच गाडी फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या धीम्या गिअरात, टाकतो. जोर चार चाकांत वाटला गेला की एकही चाक गरगरत नाही, गाडी पावलापावलाने पार होते आणि मागे उथळ ठसा उरतो. अडकल्यावर दांडा ओढणाऱ्याने तोवर खड्डा खणून ठेवलेला असतो. फोर बाय फोरची खरी कमाई म्हणजे मागून येणाऱ्याला रस्ता शाबूत मिळणे.

कायद्याची चौकट स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात परवान्याशिवाय जाता येत नाही. २०१२च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधले पर्यटनच स्थगित केले होते. ऑक्टोबरात ते पुन्हा सुरू झाले ते राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांसह: पर्यटनाला कोअरचा जास्तीत जास्त २० टक्के भाग, प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर. कागदावर हे सगळे आहे. तरी ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिचे बछडे वाटेवर आले, तेव्हा दोन्ही बाजूंनी जिप्सी लावून त्यांची कोंडी झालीच. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ड्रायव्हर आणि गाईड यांच्यावर कारवाई झाली. गाडीत उभे राहून ‘और आगे, और आगे’ म्हणणाऱ्यांवर एरवी कोणी बोट ठेवत नाही.

गाडीची मर्यादा लखनौने स्वतःच्या उंबरठ्यावरही पाहिली आहे. २०२४च्या डिसेंबरात शहराजवळच्या रहमानखेड्यात, मलिहाबादच्या आंब्याच्या पट्ट्यात एक वाघ येऊन राहिला. वनखात्याच्या गाड्या होत्या, पिंजरे होते, कॅमेरे होते. बागा, नाले आणि झुडपांत गाडी कुठवर नेणार? शेवटी दुधव्याहून सुलोचना आणि डायना या हत्तिणी आणल्या. २०२५च्या मार्चमध्ये तो वाघ बेशुद्ध करून पकडला गेला, तोवर जवळजवळ तीन महिने गेले होते. दुधव्यातही १९८४मध्ये आसामातून आणि पुढच्या वर्षी नेपाळातून आणलेल्या गेंड्यांच्या कुंपणातल्या भागात पर्यटकांना हत्तीवरूनच नेण्याची रीत पडली. तिथला गवताळ दलदलीचा भाग गाडीचा नाही, हे आधीच ओळखून केलेली ती व्यवस्था होती.

दुधव्याला जाणाऱ्या मराठी पर्यटकांची संख्या वाढते आहे. लखनौला उतरून श्रावस्ती, अयोध्या आणि दुधवा असा दौरा आखणारे नागपूर-पुण्याचे गट गॅरेजच्या वाटेवरही भेटतात. त्यांना दोन विनंत्या. फाटक उघडल्याच्या पहिल्या आठवड्याचा हट्ट धरू नये; तोवर वाट पुरती आवळलेली नसते, आणि डिसेंबरात गवत उतरल्यावर दिसतेही जास्त. आणि बक्षिसीचा हिशेब बदलावा. आज वाघ दाखवला की पाचशे आणि न दाखवला की नुसते ‘थँक यू’, असा दर पडला आहे. गाडी गवतात उतरते ती बहुतेक वेळा त्या पाचशेंसाठी. सफारी संपल्यावर ड्रायव्हरने एकदाही वाट सोडली नसेल, तर वाघ दिसो न दिसो, त्याला तेवढेच पैसे द्यावेत आणि ते कशासाठी दिले हे त्याला तोंडाने सांगावे.