वैशाखातला गंगापूर रोड

निसर्गचित्र विकत घ्यायला येणारा माणूस बहुतेक वेळा पावसाळाच मागतो. सोमेश्वरचा धबधबा, मागे हिरवेगार डोंगर, वर काळे ढग. त्याचं चुकतं असं नाही, नाशिक त्या दिवसांत देखणं दिसतंच. पण पावसाळा हा बघायचा ऋतू आहे, जलरंगात रंगवायचा नाही.

एक तर कागद वाळत नाही. जुलैत धरणाच्या बॅकवॉटरला बसून आकाशाचा वॉश मारला, की तो बराच वेळ नुसता चकाकत राहतो. त्यावर डोंगराची कड ओढावी तर रंग वर ढगात चढतो. आणि मग तो हिरवा! पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकाच ताकदीचा असला, की जवळचं कुठलं आणि लांबचं कुठलं तेच कळेनासं होतं. ट्यूबमधला सॅप ग्रीन तसाच लावला तर डोंगर प्लॅस्टिकचा वाटतो. म्हणून आम्ही अल्ट्रामरीन, यलो ऑकर आणि कणभर बर्न्ट सिएना घेऊन पॅलेटवर हिरवा मोडत बसतो.

त्यामुळे जून ते सप्टेंबर मी स्टुडिओत असतो. स्टुडिओ म्हणजे गंगापूर रोडच्या एका गल्लीतली उत्तरेच्या खिडकीची खोली. उत्तरेचा उजेड स्थिर असतो, असं कलेच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. ती पुस्तकं युरोपातली. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे अखेरपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भर दुपारी सूर्यच आपल्या उत्तरेला असतो आणि ढग फाटले, की सकाळ-संध्याकाळ ऊन तिरपं होऊन थेट कागदावर येतं. काचेला बटर पेपर चिकटवला की भागतं. या खोलीत उन्हाळ्यातली स्केचेस मोठी करायची, गमटेपने कागद ताणायचे, माउंट कापायचे. धरणातून पाणी सोडलं की अख्खं शहर गोदाघाटावर दुतोंड्या मारुती किती बुडाला ते बघायला जातं. मीही जातो, पण रंगपेटी घरी ठेवून.

ऑक्टोबरात पेटी बाहेर निघते. गिरणाऱ्याच्या बाजूला द्राक्षबागांची गोडी छाटणी झालेली असते. मांडवाच्या तारा आणि उघड्या तपकिरी काड्या, एवढंच चित्र. पुढे पानं फुटतात आणि त्यांच्यावर बोर्डोची फवारणी होते. जवळ जाऊन बघा: मोरचुदामुळे पानावर निळसर राखाडी साय धरलेली असते. नाशिकच्या द्राक्षाचा हिरवा रंगवायचा तर हा निळा हवाच. तो नसेल तर बाग कुठलीही वाटेल. थंडीत नदीवर धुकं असतं, त्यावर सगळेच खूश असतात. मी फार बोलत नाही.

खरं काम चैत्र-वैशाखात. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. गवत जळालं, की ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या रांगेत ते आडवे थर उघडे पडतात: कडा, मग उतार, पुन्हा कडा. पावसाळ्यात हे सगळं झाकलेलं असतं. धरणाचं पाणी ओसरतं, काठाला उतरत्या पातळीच्या फिकट रेघा उमटतात आणि मध्येच भेगाळलेला गाळ दिसतो. सकाळी साडेसहाला बसायचं आणि साडेआठला उठायचं. त्यानंतर ऊन पांढरं होतं आणि सावल्या आखडतात. तेव्हा कागद इतक्या झपाट्याने वाळतो, की वॉश अर्ध्यातच कडा धरतो. पाण्यात दोन थेंब ग्लिसरीन टाकलं की थोडी उसंत मिळते. पण दगडाला ती कोरडी कडाच लागते. ब्रश जवळजवळ कोरडा करून आडवा ओढला, की खरबरीत कागदाचे उंचवटे तेवढे रंग घेतात आणि कड्याचा पोत आपसूक येतो.

हे बाहेर बसणं तसं अलीकडचं. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये रंगाची धातूची ट्यूब काढली आणि स्टुडिओतला तैलरंग बाहेर पडला. जलरंगाच्या वड्या तर त्याआधीच खिशात मावत होत्या. नाशिकला घाटाची परंपरा मोठी आहे. शिवाजी तुपे यांनी गोदाघाट जलरंगात सातत्याने रंगवला. आजही कलेचे विद्यार्थी नारोशंकराच्या देवळासमोर बोर्ड घेऊन बसलेले दिसतात. गंगापूर रोडला मात्र जागा मागे मागे सरकते आहे. आनंदवलीच्या मळ्यांत बसता यायचं तिथे आता टॉवर आहेत, म्हणून गंगापूर गाव ओलांडून पुढे जावं लागतं.

लोकांना वैशाख भकास वाटतो, म्हणून ती चित्रं विकली जात नाहीत. भिंतीवर तपकिरी डोंगर कोण लावणार, असं विचारतात. माझं म्हणणं एवढंच: नाशिकच्या कुठल्याही चित्रकाराकडे गेलात, तर आधी त्याची मे महिन्यातली चित्रं काढायला लावा. धबधबा नंतर बघू.