२२ की २४?

आमच्या घरात वस्तू अंगाबरोबर आणायची रीत नाही. शर्ट घ्यायचा तो दोन बोटे सैल, चपला एक नंबर पुढच्या. 'वाढतं अंग आहे' हे आईचे ठरलेले वाक्य. अण्णांची सायकलही त्याच घराण्यातली. २४ इंची, जुन्या बाजारातून घेतलेली. फरक एवढाच, की तेव्हा अण्णांनी तिशी ओलांडली होती आणि त्यांचे अंग वाढायचे केव्हाच थांबले होते.

यंदा मला कॉलेजसाठी सायकल घ्यायचे ठरले. अण्णा म्हणाले, "चोवीसच घे. उंच सायकल दणकट असती." त्यांच्याच सायकलवरून आम्ही दोघे दुकानात गेलो. तिथे कळले, की २२ आणि २४ हे आकडे चाकाचे नव्हेतच. चाके दोन्हींची २८ इंचीच! आकडा असतो सीटखालच्या नळीचा, पायडलच्या आसापासून वर मोजलेला. वर्गातल्या निम्म्या मित्रांनाही हे ठाऊक नव्हते, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

मिस्त्रींची परीक्षा साधी होती. दांडी दोन्ही पायांत घेऊन, टाचा जमिनीला टेकवून उभे राहायचे. दांडीवर दोन बोटे तरी जागा सुटायला हवी. मग सीटवर बसून खालच्या पायडलवर टाच ठेवायची. पाय सरळ व्हावा, पण कंबर कलू नये. म्हणजे चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. अण्णांच्या सायकलची दांडी जमिनीपासून भरली ३४ इंच, दुकानातल्या २२ ची ३२. आम्हा बापलेकांचे पाय आतून ३० इंच. सीट अगदी तळाला बसवलेली असूनही अण्णांची टाच कधी पायडलला लागलीच नव्हती. गेली २० वर्षे दुधाचे कॅन घेऊन ते एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुलत जातात. गावात त्याला 'अण्णांची चाल' म्हणतात! रात्री आई त्यांच्या कमरेला तेल चोळते, ते दुखणे मात्र आम्ही दुधाच्या ओझ्याच्या खाती मांडत आलो.

मिस्त्रींनी आडव्या दांडीविना २० इंची सायकल पुढे केली. अण्णांचा चेहरा उतरला. "पोरगं कालेजात जातंय, आन् बायकांची सायकल?"

"तुम्हीच एक फेरी मारा की."

अण्णा चौकापर्यंत जाऊन आले. सरळ बसून. उतरल्यावर काही बोलले नाहीत. मागचे कॅरियर दोन्ही हातांनी दाबून पाहिले आणि मिस्त्रींना विचारले, "हिला दोन कॅन पेलतील का?"