एका दुरुस्तीची पाठचिकित्सा

दुरुस्ती झाली असे म्हणणे सोपे. ती खरोखर झाली हे दाखवून देणे निराळे. जुन्या संहितांचे संपादन करणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. आम्हांला त्याचा प्रत्यय आला तो मात्र फ्लॉपीच्या निमित्ताने.

आमच्या विभागाच्या कपाटात जात्यावरच्या ओव्यांच्या बावीस फ्लॉप्या आहेत. आमच्या एका निवृत्त सरांनी १९९६-९७च्या सुमारास गावोगाव हिंडून त्या ओव्या उतरवल्या आणि टंकून घेतल्या. मूळ वह्या पुढे पावसात गेल्या. गाणाऱ्या बहुतेक बायाही आता हयात नाहीत. साडेतीन इंची फ्लॉपीत मावतात ते १४,७४,५६० बाइट. एकेका गावाचा गळा तेवढ्यात राहिलेला.

अडचण विचित्र होती. एक फ्लॉपी काढून दुसरी घातली तरी संगणक कधीकधी पहिलीचीच यादी दाखवी. फ्लॉपी बदलल्याची खूण ड्राइव्हकडून एका तारेवाटे येते. ती पोचली नाही, की यंत्रणा स्मृतीत ठेवलेले जुनेच पान पुढे करते. नुसते वाचताना एक वेळ निभावते. पण अशा वेळी काही लिहिले गेले, तर पहिलीची सूची दुसरीवर उमटते आणि दुसरीतला मजकूर हाती लागेनासा होतो. एका गावच्या ओव्या दुसऱ्या गावच्या नावावर! आम्ही याला प्रक्षेपच म्हणू.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने लिनक्सच्या फ्लॉपी-ड्रायव्हरमध्ये बदल करून दिला. खुणेवर विसंबायचेच नाही. दर वेळी फ्लॉपी नवी आहे असे धरून सूची मुळापासून वाचायची. (हाच ड्रायव्हर २०१९मध्ये 'अनाथ' म्हणून नोंदला गेला होता, सांभाळणाऱ्याकडे चालता ड्राइव्हच उरला नव्हता. नंतर त्याला दुसरा पालक मिळाला.)

दोनदा सुरळीत चालले, तेव्हा आम्ही विचारले, "आता ओव्या काढायच्या का?" तो म्हणाला, "सर, बिघाड कधीकधीच होतो ना? मग दोनदा झाला नाही, हा पुरावा कसा?"

मग त्याने ओळखीचा मजकूर भरलेल्या दोन फ्लॉप्या घेतल्या. जुन्या ड्रायव्हरवर शंभर वेळा आलटूनपालटून घातल्या. सात वेळा चुकीची यादी आली. नव्यावर शंभरात एकदाही नाही. त्यानंतर त्याने जुना ड्रायव्हर मुद्दाम परत बसवला, आणि दोष परतला. आम्हांला सर्वांत मोलाची वाटली ती ही शेवटची पायरी. बदल आणि परिणाम यांचा संबंध तिथेच पक्का झाला. संगणकातल्या आभासी फ्लॉपीवर हे सिद्ध होण्यासारखे नव्हते. तिच्यातली खूण कधी चुकतच नाही.

ओव्यांच्या फ्लॉप्यांची बारीक खिडकी उघडून आधी लेखन बंद केले. वाचताना ड्राइव्हचे शीर्ष चकतीला घासते, म्हणून प्रत्येकीची सबंध प्रत एकदाच घ्यायची असे ठरले. एकोणीस पूर्ण उतरल्या. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम चालू आहे.

उरलेल्या तिघींत काही तुकड्यांची पडताळणी-संख्या जुळत नाही. तो दोष चकतीचा. ड्रायव्हर तिथे काय करणार? त्या जागी आम्ही टिंबे दिली आहेत. विभागातल्या एका बाईंना यांतल्या बऱ्याच ओव्या आजीकडून पाठ आहेत. त्यांचा पाठ आम्ही तळटीपेत देणार आहोत, टिंबांच्या जागी नाही.