चढाकडे तोंड

सरकारी नोकरीपायी परमुलखात राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टींशी जमवून घ्यावे लागते. एक तिथले पाणी आणि दुसरी कार्यालयाची गाडी. पाणी महिन्याभरात मानवते. गाडीचे मात्र तसे नसते. २००८ च्या अखेरीस माझी बदली अल्मोड्याला झाली, तेव्हा बंगल्याबरोबरच एक जुनी डिझेल जीप आणि निवृत्तीला दोन वर्षे उरलेला एक मितभाषी चालक माझ्या वाट्याला आला.

अल्मोडा हे गाव खोगिराच्या आकाराच्या डोंगरधारेवर, सुमारे १,६०० मीटर उंचीवर वसलेले आहे. तिथे सपाट जागा म्हणजे चैनच. आमच्या बंगल्याचे फाटक वरच्या अंगाला होते आणि तिथून आवारात येणारा रस्ता चांगलाच उताराचा होता. चालक जीप आत आणी आणि आली तशीच, खाली तोंड करून उभी ठेवी. सकाळी ती वळवून घेण्यात पाच मिनिटे मोडत. पहिल्याच आठवड्यात मी हुकूम सोडला, की गाडी रात्री फाटकाकडे तोंड करून, निघण्यास सज्ज अशीच उभी राहिली पाहिजे. तो किंचित चाचरला आणि म्हणाला, "साहब, चढ़ाई की तरफ़ मुँह करके सोती है तो रूठ जाती है." मी हसलो. पहाडातल्या लोकांची बोलण्याची ही एक तऱ्हा असावी, असे मला वाटले.

जानेवारीत जीप खरोखरच रुसू लागली. सकाळी किल्ली फिरवावी, इंजिनाने जोरजोराने घरघरावे आणि पेट म्हणून घेऊ नये. कधी पंधरा मिनिटे, कधी अर्धा तास. उलट एखाद्या दिवशी पहिल्याच किल्लीला चालू! थंडीचा दोष म्हणून सगळे हीटर प्लग बदलले. बॅटरी थकली असेल म्हणून नवी घेतली. दोन बिले मंजूर झाली, पण जीप काही मंजूर होईना.

अशातच एका पहाटे आमच्या लेखनिकाच्या मुलीच्या पोटात असह्य दुखू लागले. तिला हलद्वानीला, म्हणजे सुमारे ९० किलोमीटर घाट उतरून न्यायचे होते. जीपने अर्धा तास नुसती घरघर केली. शेवटी बाजारात निघालेल्या भाजीच्या ट्रकमधून तिला नेले. शस्त्रक्रिया वेळेवर झाली आणि मुलगी वाचली. पण ट्रकच्या हौद्यात तिला मांडीवर घेऊन बसलेल्या बापाचा चेहरा मी विसरू शकलो नाही. माणसाला अशा वेळी कोणीतरी दोषी हवा असतो. त्याच दुपारी मी चालकाला निष्काळजीपणाबद्दल 'कारणे दाखवा'चे ज्ञापन दिले. त्याने ते वाचले, पोच म्हणून सही केली आणि एक शब्दही न बोलता तो निघून गेला.

दोन दिवसांनी खालच्या बाजारातला एक वृद्ध मिस्त्री आला. त्याने हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. आधी तीन प्रश्न विचारले. स्टार्टर जोरात फिरतो की रडतो? जोरात फिरतो. फिरत असताना मागच्या नळीतून पांढरा धूर येतो का? चालक म्हणाला, मुळीच येत नाही. तिसरा प्रश्न ऐकून मी चपापलो. तो प्रश्न होता, "रात को मुँह किधर था?"

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डीझेलने १८९७ साली आउग्सबुर्गला जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले, त्याचे तत्त्व असे, की हवा इतकी दाबावी की ती दाबानेच तापेल आणि तीत उडालेला इंधनाचा तुषार आपोआप पेटेल. आमच्या जीपसारख्या इंजिनात हवा मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते. तेव्हा सुरू होण्यासाठी इंजिन जोराने फिरले पाहिजे, हवा पुरेशी तापली पाहिजे आणि इंधन वेळेवर पोचले पाहिजे. इंधन पोचून पेटत नसेल, तर ते न जळता पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. धूरच नाही, याचा अर्थ इंधनच पोचत नाही. मग प्लग आणि बॅटरी बदलून काय व्हायचे?

आता तोंडाची गोष्ट. जीपची टाकी मागे. चढाकडे तोंड केले की इंजिन टाकीच्या वर जाते. वाटेत कुठे नळीला बारीकशी चीर असेल, तर तिच्यातून हवा आत शिरते आणि रात्रभरात नळीतले डिझेल मागे टाकीत उतरते. बाहेर थेंबही दिसत नाही. सकाळी पंपाच्या हाती हवा लागते; ती नुसती दबते आणि इंधनाचा फवारा उडत नाही. उताराकडे तोंड असले की इंजिन खाली राहते, नळी भरलेली राहते, उलट चिरेतून डिझेलच थोडे पाझरते. "पत्थर पर दाग़ पड़ता है?" मिस्त्रीने विचारले. चालकाने मान हलवली. फिरतीवरून रात्री उशीर झाला की तो जीप जुन्या रीतीने लावी. त्याच सकाळी ती पहिल्या किल्लीला सुरू होई आणि फरशीवर रुपयाएवढा डाग असे.

मिस्त्रीने पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा बसवून बुडबुडे आम्हाला दाखविले आणि मग वीतभर जुनी रबरी नळी बदलली. हातपंपाने हवा काढली. जीप चालू झाली आणि पुढे चढावरही कधी रुसली नाही.

मी लॉगबुक मागविले. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात तारखेगणिक नोंद होती; 'मुँह ऊपर, देर', 'मुँह नीचे, तुरंत'. त्या प्रत्येक पानाखाली माझी सही होती. मी सही केली होती, पण वाचले मात्र नव्हते.

ज्ञापन मी लेखी मागे घेतले आणि चालकाची क्षमाही मागितली. कागदावर मागे घेणे सोपे गेले. तोंडाने बोलणे अवघड. तो एवढेच म्हणाला, "साहब, मैंने तो पहले दिन ही कहा था."

ती जीप पुढे लिलावात गेली. आजच्या गाड्यांत संगणक असतो आणि मिस्त्री यंत्र जोडून दोष वाचतो. ते चांगलेच आहे. तरी एखादे काम अडले आणि कोणाला जाब विचारण्यासाठी कागद पुढे ओढला, की मी क्षणभर थांबतो. गाडीचे तोंड कोणीकडे होते आणि ते तसे ठेवायला कोणी सांगितले होते, हे आधी स्वतःला विचारून घेतो.