इंजिन गार होतं की गरम?

गेल्या वर्षी मे महिन्यात मी एक मोठी चूक केली, आणि वर ४,५०० रुपये भाडं मोजून ती टेम्पोतून चोर्ला घाटाने बेळगावला आणली. लाल रंगाची, चार जाड चाकांची, ११० सीसीची एक जुनी एटीव्ही. गोव्यात किनाऱ्यावर पर्यटक चालवतात ना, तसली.

कारण सांगतो. जांबोटीच्या बाजूला आमची भातशेती आहे. रस्त्यालगत खळं आणि पत्र्याची शेड. तिथून आमच्याच रानातून पाऊण किलोमीटरची उतरती वाट खालच्या शेताला जाते. सगळी लाल माती. पावसाळ्यात त्या वाटेवर मोटरसायकल घातली की आधी ती आडवी होते, मग आपण. माझे वडील, आप्पा, आयुष्यभर ही वाट पायी उतरले. उद्यमबागेत ३१ वर्षं टर्नर म्हणून नोकरी केली, तेव्हासुद्धा त्यांचा रविवार शेताचाच असायचा. मग गुडघ्यांनी दगा दिला. त्याच्या आदल्या पावसाळ्यात ते एकदाही खाली उतरू शकले नव्हते. शेडमध्ये खुर्ची टाकून बसायचे आणि वरूनच माणसांना हाका मारायचे. घरी आले की गप्प.

एके रात्री आई मला म्हणाली, "शेत विकून टाकूया म्हणत होते आज." त्या रात्री मला झोप लागली नाही. मोबाइलवर जाहिराती बघत बसलो आणि ही एटीव्ही दिसली. धंदा बंद केलाय, म्हणून स्वस्तात द्यायची होती. ३८,००० रुपये. आप्पांना सरप्राइज द्यायचं म्हणून कुणाला न सांगता एकटाच गोव्याला गेलो. विकणाऱ्याने बटण दाबलं, इंजिन लगेच चालू झालं. मी मोकळ्या जागेत दोन चकरा मारल्या. "कार्बोरेटर तेवढा साफ करून घ्या, बाकी काही नाही," तो म्हणाला. मी पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरासमोर बटण दाबलं. नुसतंच गुरगुरलं. वीस मिनिटांनी एकदाचं चालू झालं, तर मागून इतका निळा धूर की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. गल्लीतला छोटा चढ चढवायला गेलो, तर आवाज मोठा आणि चाल मुंगीची. एका मेकॅनिकने कार्बोरेटर आणि प्लग बदलले, २,६०० रुपये घेतले. धूर तसाच. दुसरा म्हणाला, "अख्खं इंजिनच बदला." त्याचा आकडा ऐकून मी गाडी ढकलत घरी आणली.

आप्पा हे सगळं कट्ट्यावर बसून बघत होते. पहिल्या दिवशी एवढंच म्हणाले होते, "मी काय गोव्याचा टुरिस्ट आहे होय, ह्याच्यावर बसायला?" मला ते लागलं होतं. त्यानंतर आमचं बोलणं जेवणापुरतंच उरलं होतं.

आठ दिवसांनी एका संध्याकाळी मी गाडीशेजारी तोंड पाडून बसलो होतो. काठी टेकत आप्पा आले आणि विचारलं, "घ्यायला गेलास तेव्हा इंजिन गार होतं की गरम?"

मी आठवून बघितलं. चढून बसताना सायलेन्सरचा चटका पोटरीला बसला होता, त्याचा डाग अजून होता. "गरम होतं."

"मग झालं तर. तू पोचायच्या आधी त्यानं तासभर चालवून ठेवलेलं असणार. झिजलेलं इंजिन गरम असलं की कसंही चालू होतंय. गार असताना खरं ते खोटं बोलत नाही." (आमच्या बेळगावात 'खरं' म्हणजे 'पण', हे बाहेरच्या वाचकांसाठी.)

दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोत घालून आम्ही त्यांच्या एका जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपमध्ये नेली. आप्पांनी प्लग काढला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील असा पिस्टन अगदी वर आणला आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. मग मला म्हणाले, "आता कान लाव. हवा कुठनं सुटतेय बघ."

सायलेन्सरला कान लावला. शांत. तिथून हवा आली असती, तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह गळतोय असं समजायचं. कार्बोरेटरपाशी आली असती, तर आत घेणारा व्हॉल्व्ह. तिथंही शांत. ऑइल ओतायचं झाकण काढलं, तर आतून स्पष्ट सूं सूं.

"व्हॉल्व्ह ठीक हाईत. हवा पिस्टनच्या बाजूनं खाली जातेय. रिंगा गेल्या."

दोन मेकॅनिकना जे सांगता आलं नाही, ते पाच मिनिटांत कळलं होतं. मी म्हटलं, "मग रिंगा घालून टाकूया." आप्पांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी एअर फिल्टरचा डबा उघडला. आत फिल्टरच नव्हता. डब्यापासून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यासमोर धरलं. बारीक वाळू. समुद्रकिनाऱ्यावर विनाफिल्टर चालवलेलं इंजिन वाळूच खात होतं. तीच वाळू ऑइलमध्ये मिसळून पिस्टन आणि सिलिंडर घासत राहिली होती.

"रिंग का गेली ते न बघता नवीन घातलीस, तर तीपण जाणार की."

ब्लॉक उतरवला. आतल्या भिंतीवर उभे ओरखडे बोटाला लागत होते. जुनी रिंग ब्लॉकमध्ये बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजली, तर एक मिलिमीटरहून जास्त. ती पाव मिलिमीटरच्या आसपास असायला हवी. म्हणजे नुसत्या रिंगा बदलून भागणार नव्हतं. बोअर करून मोठा पिस्टन घालायला हवा होता.

अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन यायला सहा दिवस लागले. तेवढ्यात मी बोअर करून ठेवायचं म्हटलं, तर आप्पा चिडले. "आधी पिस्टन हातात घ्यायचा, मोजायचा, मग त्याच्या मापानं बोअर. पुड्यावर छापलेल्या मापावर नाही." पिस्टन आला तेव्हा त्यांनी ट्रंकेतून तेलकट फडक्यात गुंडाळलेला स्वतःचा मायक्रोमीटर काढला. निवृत्तीनंतर तो मी पहिल्यांदाच बघत होतो. पिस्टन आणि सिलिंडरमध्ये मिलिमीटरच्या शंभर भागांतले तीन भाग एवढीच फट ठेवायची होती. मशीन सोबती चालवत होता, मापं आप्पा घेत होते. दोन तास ते उभे होते. गुडघ्यांचं नावही निघालं नाही. मी खुर्ची आणून ठेवली, तर तिच्यावर त्यांनी हत्यारं ठेवली.

पिस्टन, रिंगा, गॅस्केट २,२०० रुपये, बोअरिंग आणि होनिंग ६००, फोमचा नवीन फिल्टर ३५०, ऑइल ४५०. त्या रात्री मी सगळा हिशेब त्यांच्यासमोर ठेवला. ४८,७०० रुपये. बराच वेळ ते कागदाकडे बघत राहिले.

"एवढ्यात चांगली जुनी मोटरसायकल आली असती."

"ती चिखलात चालली नसती, आप्पा."

"होय की," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "आई बोलली तुला? शेताचं?" मी मान हलवली. तो विषय तिथेच थांबला.

इंजिन जोडून झालं त्या सकाळी आप्पांनी आधी ब्लॉकवर तळहात ठेवला. गार. "मार बटण." दुसऱ्या प्रयत्नात चालू झालं. जोडताना लावलेल्या तेलाचा थोडा धूर आला आणि मग सायलेन्सर स्वच्छ.

एटीव्हीला नंबरप्लेट नाही, तिची आरटीओत नोंद नाही, त्यामुळे ती रस्त्यावर चालवता येत नाही. टेम्पोतूनच शेडपर्यंत नेली आणि ती तिथंच असते. मागची दोन्ही चाकं एकाच सरळ आसावर असल्यामुळे ती वळायला जड आहे, वळण मोठं घ्यावं लागतं. टायरमध्ये हवा चार-पाच पौंडच ठेवायची, म्हणजे ते चिखलात पसरून पकड घेतात. सुरुवातीचे काही दिवस इंजिनवर ताण द्यायचा नाही आणि ऑइल लवकर बदलायचं, हे नियम आप्पांनी शेडच्या पत्र्यावर खडूने लिहून ठेवले. एटीव्ही उलटू शकते, म्हणून हेल्मेटचा नियम मी लिहिला. तो त्यांनी कुरकुर करत मानला.

जुलैत रोप लावणी सुरू झाली. भर पावसात आप्पा हेल्मेट घालून, रेनकोट चढवून पहिल्या गिअरमध्ये खाली उतरले. मी मागून चालत होतो आणि दोनदा घसरून पडलो. संध्याकाळी ते वर आले तेव्हा पायांना घोट्यापर्यंत चिखल होता, आणि रोपं कुणी दाट लावली, कुणी विरळ, यावर जेवताना तासभर बोलत होते. आई नुसती वाढत होती.

वाचकहो, तुमच्यापैकी कुणी जुनी गाडी घ्यायला निघाला असेल, तर ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा आणि इंजिनला हात लावून बघा. फिल्टरचा डबा उघडायला लावा. आणि घरात कुणी जुना टर्नर, फिटर, मेकॅनिक असेल, तर त्याला सरप्राइज देऊ नका. सोबत घेऊन जा.